चंद्र आपल्यापासून किती लांब आहे? गच्चीवर आणि ग्रुपवर पुन्हापुन्हा येणारे प्रश्न

इंदूरला सुदामा नगरात आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर महिन्यातून एक-दोनदा दुर्बीण लावतो, शेजारपाजारची मुलं येतात, त्यांच्यामागून आई-आजोबा येतात, आणि शनीची कडी बघून झाली की विचारतात ते मात्र चंद्राबद्दलच. नंतर रात्री उशिरापर्यंत व्हॉट्सअ‍ॅपवर तेच प्रश्न परत येतात. म्हणून सगळे एका जागी लिहून ठेवतोय. सोपे आधी आहेत, अडचणीचे नंतर. एखाद्याचं उत्तर आधीच येऊन गेलं असेल तर तिथला नंबर दिलाय, तो बघा.

१. काका, फार डिटेल नको, एकच आकडा सांगा, चंद्र किती लांब आहे?

३,८४,४०० किलोमीटर. हे सरासरी अंतर आहे. शाळेच्या पेपरात हेच लिहा, तोंडी सांगायचं तर "पावणेचार लाखांच्या थोडं वर" म्हटलं तरी चालतं. पण एक गोष्ट पहिल्याच उत्तरात सांगून ठेवतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे: हा आकडा स्थिर नाहीये, चंद्र रोज, दर तासाला थोडा जवळ किंवा थोडा लांब जात असतो (प्रश्न ५).

२. हे अंतर कुठून कुठपर्यंत धरतात? माझ्या घरापासून चंद्राच्या जमिनीपर्यंत का?

नाही. पृथ्वीच्या केंद्रापासून चंद्राच्या केंद्रापर्यंत. पृथ्वीची त्रिज्या ६,३७१ किमी, चंद्राची १,७३७, दोन्ही वजा केल्या की जमिनीपासून जमिनीपर्यंतचं सरासरी अंतर सुमारे ३,७६,३०० किमी उरतं. हा आठ हजारांचा फरक बहुतेक वेळा कुणाच्या लक्षात येत नाही, पण ग्रहांवाल्या प्रश्नात (१८) सगळा घोळ त्याच्यामुळेच होतो.

३. लाखांचे आकडे डोक्यात बसत नाहीत हो, काहीतरी डोळ्यांना दिसेल असं सांगा ना.

एक पोळी घ्या, वीस सेंटीमीटरची, ही आपली पृथ्वी. पाणीपुरीच्या पुरीपेक्षा जराशी मोठी, साडेपाच सेंटीमीटरची पुरी घ्या, हा चंद्र. आता दोन्ही किती लांब ठेवायच्या? मी मुलांना आधी ठेवायला सांगतो आणि जवळपास सगळे हातभर अंतरावर ठेवतात, कारण पुस्तकातल्या चित्रात पृथ्वी आणि चंद्र असेच चिकटून काढलेले असतात, कागदावर जागा नसते म्हणून. खरं अंतर येतं सहा मीटर. म्हणजे पोळी हॉलच्या एका टोकाला आणि पुरी पार दुसऱ्या टोकाला, कदाचित दाराबाहेरच. मधे एकामागे एक जवळजवळ तीस पोळ्या मावतात.

याच मापात अंतराळवीर राहतात ते स्पेस स्टेशन पोळीच्या कडेपासून जेमतेम सहा मिलिमीटरवर येतं. आपल्या डिश टीव्हीचे सॅटेलाइट, जे ३५,७८६ किमी उंचीवर असतात, ते छपन्न सेंटीमीटरवर. आणि सूर्य? तो सव्वादोन-अडीच किलोमीटर लांब, बावीस मीटर रुंद, म्हणजे सात मजली बिल्डिंगएवढा. एकदा घरी करून बघाच, नुसतं वाचून ते अंगावर येत नाही.

४. गाडीने गेलो तर किती दिवस लागतील?

ताशी ६० ने, न थांबता, २६७ दिवस. विमानाच्या स्पीडने म्हणजे ताशी ९०० ने सुमारे १८ दिवस.

पण मला यापेक्षा आपल्या इकडचा हिशोब आवडतो. इंदूर ते उज्जैन साधारण ५५ किलोमीटर, येऊन-जाऊन ११०. जो माणूस नोकरीसाठी रोज अपडाउन करतो, वर्षातले ३०० दिवस धरा, तो वर्षाला ३३ हजार किलोमीटर जातो आणि बाराव्या वर्षी चंद्राच्या अंतराएवढा प्रवास पुरा करतो. म्हणजे एका सिंहस्थापासून पुढच्या सिंहस्थापर्यंत. आपल्यातले कितीतरी लोक सांवेर रोडवर चंद्रापर्यंत जाऊन आलेत आणि त्यांना माहीत पण नाही. ट्रॅव्हल्सच्या जुन्या गाडीचं मीटर कधी बघा, तीन लाख चौऱ्याऐंशी हजार पार केलेली गाडी सापडते.

५. अंतर कमी-जास्त का होतं? चंद्र गोल फिरतो ना?

गोल नाही, लंबगोल कक्षेत फिरतो आणि पृथ्वी त्या लंबगोलाच्या मधोमध नसून जरा एका बाजूला आहे. म्हणून प्रत्येक फेरीत एक जागा जवळची येते, तिला उपभू म्हणतात, आणि एक लांबची, ती अपभू. साधारण उपभू ३,६३,३०० किमीला आणि अपभू ४,०५,५०० किमीला. पोळीच्या मापात सांगायचं तर पुरी पावणेसहा ते साडेसहा मीटरच्या आत मागेपुढे सरकते.

बरं, हे पण दर महिन्याला सारखं नसतं. सूर्य चंद्राच्या कक्षेला ओढत-ताणत असतो, त्यामुळे उपभू कधी ३,५६,४०० पर्यंत जवळ येतो तर कधी ३,७०,००० पर्यंतच पोचतो. अपभू मात्र ४,०४,००० ते ४,०६,७०० च्या मधेच राहतो. जवळच्या बाजूला इतका फेरफार आणि लांबच्या बाजूला इतका कमी, हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी आकडे दोनदा तपासले होते.

उपभूपासून परत उपभूपर्यंत यायला २७.५५ दिवस लागतात, पौर्णिमेपासून पौर्णिमेपर्यंत मात्र २९.५३. दोन्हींचा मेळ बसत नाही, म्हणून पौर्णिमेचा चंद्र कधी जवळचा असतो, कधी लांबचा (प्रश्न ७).

६. या जवळ-लांब असण्याचा आपल्याला काही फरक पडतो का? की नुसती माहिती?

पडतो, आणि तो तुमच्या घरातल्या भिंतीवर टांगलेला आहे. पंचांग उघडा.

तिथी म्हणजे काय, तर चंद्र सूर्यापासून १२ अंश पुढे सरकायला लागणारा वेळ. आता चंद्र जवळ असला की जोरात पळतो, लांब असला की सावकाश चालतो. जवळ असताना दिवसाला पंधरा अंशांहून थोडा जास्त सरकतो, लांब असताना बाराहून थोडा कमी. म्हणून जवळच्या दिवसांत तिथी लवकर संपते, साधारण २० तासांत, आणि लांबच्या दिवसांत ती २७ तासांच्या जवळपास रेंगाळते. सूर्योदयाला जी तिथी असते ती त्या दिवसाची तिथी, हा आपला नियम. मग छोटी तिथी एका सूर्योदयानंतर सुरू होऊन पुढच्या सूर्योदयाआधीच संपली की तिचा क्षय होतो, आणि लांबलेली तिथी दोन सूर्योदयांना सापडली की तिची वृद्धी होते.

माझी आजी दर महिन्याला पंचांग बघून एकादशी आज की उद्या यावर फोनाफोनी करायची, आणि "यंदा नवमीचा क्षय आहे" असं अगदी सहज सांगायची. तिला कुणी लंबगोल कक्षा शिकवली नव्हती, पण चंद्र जवळ आला की भराभर जातो हे तिच्या हातातल्या कागदावर दर महिन्याला छापलेलं होतं. अंतर मोजायला दुर्बीण लागतेच असं नाही, ज्या आठवड्यात तिथ्या बावीस तासांहून कमी वेळात संपतायत त्या आठवड्यात चंद्र जवळ आहे असं समजायला हरकत नाही. गच्चीवर येणाऱ्या प्रत्येकाला मी हीच एक गोष्ट घरी घेऊन जायला सांगतो.

७. सुपरमून म्हणजे काय? न्यूजवाले दर वेळी "सगळ्यात मोठा चंद्र" का सांगतात?

पौर्णिमा आणि उपभू जवळजवळ एकाच वेळी आले की त्या पौर्णिमेला सुपरमून म्हणतात. हा शब्द खगोलशास्त्रातला नाही, रिचर्ड नोल नावाच्या अमेरिकन ज्योतिष्याने १९७९ मध्ये काढलेला आहे, पण आता सगळेच वापरतात तर वापरू द्या. लांबच्या पौर्णिमेपेक्षा हा चंद्र सुमारे १४ टक्के मोठा आणि ३० टक्के जास्त उजळ असतो. ऐकायला खूप वाटतं, पण दोन्ही चंद्र शेजारी ठेवून बघता येत नाहीत, म्हणून नुसत्या डोळ्यांना फरक कळणं अवघड आहे. एकाच कॅमेऱ्याने, तेवढ्याच झूमने वेगवेगळ्या महिन्यांतल्या पौर्णिमांचे फोटो काढा, मग दिसतो.

वर्षात दोन-चार सुपरमून येतात, त्यामुळे "दुर्मिळ" म्हणणं बरोबर नाही. खरोखर वेगळा होता तो १४ नोव्हेंबर २०१६ चा, ३,५६,५०९ किमी, १९४८ नंतर पौर्णिमेचा चंद्र एवढा जवळ पहिल्यांदाच आला होता. त्याच्याहून जवळचा येईल २५-२६ नोव्हेंबर २०३४ च्या रात्री, सुमारे ३,५६,४४५ किमी. डायरीत लिहून ठेवा, कार्तिकी पौर्णिमेची थंडी असेल, आकाशही स्वच्छ मिळायला हवं.

कोजागिरीला दर वेळी सुपरमून असतो का, हे पण खूप जण विचारतात. नाही. जवळच्या पौर्णिमांचा मोसम दर वर्षी साधारण दीड महिना पुढे सरकतो, त्यामुळे काही वर्षं कोजागिरी त्यात येते, मग काही वर्षं नाही.

८. उगवताना चंद्र एवढा मोठा दिसतो, तेव्हा तो जवळ असतो ना?

उलट आहे. उगवताना तो तुमच्यापासून जास्त लांब असतो. क्षितिजावरचा चंद्र बघताना तुम्ही पृथ्वीच्या बाजूला उभे असता, आणि चंद्र डोक्यावर आला की पृथ्वीने फिरता फिरता तुम्हालाच त्याच्याकडे नेलेलं असतं, जवळजवळ पृथ्वीच्या त्रिज्येएवढं, म्हणजे सहा हजार किलोमीटरच्या वर. म्हणून डोक्यावरचा चंद्र दीड-पावणेदोन टक्के मोठा असतो.

मग उगवताना मोठा का वाटतो? तो मेंदूचा भास आहे, खाली झाडं, घरं, टॉवर यांच्याजवळ दिसतो म्हणून. हात लांब करून करंगळीच्या नखाने झाका, उगवताना झाका आणि रात्री बारा वाजता झाका, नख दोन्ही वेळा पुरून उरतं.

आपल्या इंदूरची एक खास गोष्ट: आपण २२.७ अंश उत्तरेला आहोत आणि चंद्र उत्तरेकडे जास्तीत जास्त साडेअठ्ठावीस अंशांपर्यंत जातो, त्यामुळे चंद्र अगदी बरोब्बर माथ्यावर येण्याचे दिवस आपल्याला मिळतात. दिल्लीच्या पुढे, अजून उत्तरेला गेलं की हे हळूहळू संपतं.

९. संकष्टीला पुण्याच्या बहिणीकडे चंद्रोदय उशिरा आणि आमच्याकडे लवकर, चंद्र आम्हाला जवळ आहे म्हणून का?

नाही ताई, अंतराशी याचा संबंध नाही. इंदूर पुण्याच्या दोन अंश पूर्वेला आहे, मुंबईच्या तीन अंश. पूर्वेच्या गावाला चंद्र आधी उगवतो, एका अंशाला चार मिनिटं धरा. म्हणजे मुंबईपेक्षा साधारण बारा मिनिटं आधी. पण आपण मुंबईच्या उत्तरेलाही आहोत, त्यामुळे चंद्र उत्तरेकडे असला तर फरक वीस मिनिटांवर जातो आणि दक्षिणेकडे असला तर जेमतेम तीन-चार मिनिटांवर येतो. महाराष्ट्रातून आलेल्या कॅलेंडरवर मुंबईची वेळ असते, ती बघून उपास धरून बसू नका, शहरांच्या यादीत इंदूर असेल तर ती वेळ घ्या. चंद्र जवळ-लांब असल्याने चंद्रोदयात पडणारा फरक अर्ध्या मिनिटाएवढा असतो, त्याचा विचार सोडून द्या.

१०. घरच्या घरी अंतर मोजता येईल का? मुलीचा शाळेचा प्रोजेक्ट आहे.

येईल, आणि जरूर करा. दहा रुपयांचं नाणं घ्या, त्याची रुंदी २७ मिलिमीटर असते. पौर्णिमेचा चंद्र नुकताच उगवलेला असताना गच्चीच्या पूर्वेच्या कठड्यावर काठी उभी करून तिच्या टोकाला नाणं चिकटवा. मग एक डोळा मिटून मागे मागे सरका, नाण्याच्या मागे चंद्र बरोब्बर झाकला जाईल तिथे थांबा. नाणं फार जवळ असलं तर चंद्र सहज लपतो, फार लांब गेलात तर कडेने बाहेर येतो, मधली ती नेमकी जागा शोधायची. डोळ्यापासून नाण्यापर्यंत टेपने मोजा. तीन मीटरच्या आसपास येईल. तीन मीटर म्हणजे नाण्याच्या रुंदीच्या सुमारे ११० पट. याचा अर्थ चंद्रसुद्धा त्याच्या स्वतःच्या रुंदीच्या ११० पट लांब आहे.

आता चंद्राची रुंदी किती? इथे चंद्रग्रहण कामाला येतं. ७ सप्टेंबर २०२५ च्या खग्रास ग्रहणाचे फोटो कुणाकडेही सापडतील, त्यातले अर्धवट ग्रहणाचे घ्या, चंद्रावर पडलेल्या सावलीची कड गोल दिसते, कंपासने तो गोल पुरा करा. सावली चंद्राच्या सुमारे २.७ पट निघते. पण पृथ्वीची सावली तिथवर पोचेपर्यंत बारीक झालेली असते, साधारण एका चंद्राएवढी, म्हणून त्यात एक मिळवा. पृथ्वी चंद्राच्या ३.७ पट. पृथ्वीचा व्यास १२,७४२ किमी, भागिले ३.७, चंद्र सुमारे ३,४४० किमी. खरा आकडा ३,४७४ आहे. गुणिले ११०, झालं अंतर: पावणेचार लाखांच्या वर.

पहिल्या वेळी उत्तर दहा टक्के इकडेतिकडे जातंच, कारण चंद्राची चमक नाण्याच्या कडेने सांडते. चार-पाच जणांनी मोजून सरासरी काढा. आणि आलेला आकडा खोडून पुस्तकातला लिहू नका, शिक्षक रागावले तरी चालेल, तुमचा मोजलेला आकडा जास्त मोलाचा आहे.

११. जुन्या काळी लोकांना हे अंतर माहीत होतं का? आपल्याकडे कुणी काढलं होतं?

होतं, आणि आश्चर्य वाटेल इतकं जवळपास बरोबर. ग्रीकांमध्ये अ‍ॅरिस्टार्कसने ग्रहणातल्या सावलीवरून प्रयत्न केला, वरच्या प्रश्नातली युक्ती त्याच वाटेची आहे. इ.स.पू. दुसऱ्या शतकात हिप्पार्कसने वेगळी वाट धरली: एकच सूर्यग्रहण एका जागी पूर्ण दिसलं आणि अलेक्झांड्रियात पाचातले चारच भाग, तर या फरकावरून चंद्राचं अंतर काढलं. उत्तर पृथ्वीच्या त्रिज्येच्या साठ-सत्तर पटींच्या घरात. खरं आहे ६०.३ पट.

आपल्याकडे सूर्यसिद्धांत बघा. त्यात चंद्राच्या कक्षेचा परीघ ३,२४,००० योजनं आणि पृथ्वीचा व्यास १,६०० योजनं दिलाय. योजन म्हणजे किती किलोमीटर यावर लोक तासन्‌तास भांडतात, पण भांडायची गरजच नाही, दोन्ही आकडे योजनात आहेत, तर गुणोत्तर काढा. परिघावरून अंतर येतं सुमारे ५१,५६६ योजनं, पृथ्वीची त्रिज्या ८०० योजनं, भागिलं की ६४.५ पट. खऱ्यापेक्षा सात टक्के जास्त. दुर्बीण नसताना!

आणि हे सगळं गणित ज्या रेषेवरून मोजायचे, ती मध्यरेषा आपल्या शेजारच्या उज्जैनवरून जायची. तिथली सवाई जयसिंगांची वेधशाळा पडझड झालेली होती, ती ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी १९२३ च्या सुमारास दुरुस्त करवली, आज तिचं नाव जिवाजी वेधशाळा आहे. इंदूरहून सव्वा तासाचा रस्ता आहे, महाकालचं दर्शन घेऊन लोक परत फिरतात, अजून अर्धा तास काढून तिथे जा.

नंतर १७५१-५२ मध्ये दोन फ्रेंच ज्योतिर्विदांनी, लालांद बर्लिनला आणि लाकाय आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला बसून, चंद्राच्या जागेतला फरक मोजला. हात लांब करून अंगठा आधी एका डोळ्याने आणि मग दुसऱ्या डोळ्याने बघितला की तो सरकतो ना, तेच, फक्त दोन डोळ्यांच्या मधे अख्खा युरोप आणि आफ्रिका. लालांद तेव्हा एकोणीस वर्षांचा होता.

१२. पुराणात तर चंद्र सूर्याच्याही वर सांगितलाय, मग खरं काय मानायचं?

विष्णुपुराणात चंद्र सूर्याच्या एक लाख योजनं वर आहे असं वर्णन आहे, बरोबर. पण आपल्याच परंपरेतल्या सिद्धांतग्रंथांनी चंद्राला सगळ्यात जवळचा मानलाय आणि त्याचं कारण अमावास्येच्या सूर्यग्रहणात स्वतः दिसतं: चंद्र सूर्याला झाकतो, सूर्य चंद्राला कधीच झाकत नाही. पुराण श्रद्धेने वाचा. पंचांगाचं गणित मात्र सिद्धांतांवर उभं आहे.

१३. आता कसं मोजतात? आणि एवढं अचूक कसं?

लेझरने. जुलै १९६९ मध्ये अपोलो ११ च्या अंतराळवीरांनी चंद्रावर आरशांची एक चौकट ठेवली, नंतर अपोलो १४ आणि १५ ने अजून दोन, आणि रशियाच्या दोन लुनोखोद गाड्यांवर पण तसेच आरसे आहेत. हे आरसे प्रकाश जिकडून आला तिकडेच परत पाठवतात, त्यांना वीज लागत नाही, म्हणून पन्नासहून जास्त वर्षं झाली तरी काम चालू आहे. पृथ्वीवरून लेझर सोडायचा, परत यायला किती वेळ लागला ते मोजायचं, सुमारे अडीच सेकंद, आणि प्रकाशाच्या वेगाने, म्हणजे सेकंदाला २,९९,७९२ किमीने, गुणून निम्मं करायचं.

ऐकायला सोपं आहे, पण लेझरचा झोत चंद्रावर पोचेपर्यंत दोनेक किलोमीटर रुंद पसरतो आणि परत येताना अजून जास्त. अब्जावधी-खर्वावधी प्रकाशकण पाठवल्यावर परत हातात येतो एखाददुसरा. त्यावरून अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोमधली अपाचे पॉइंट वेधशाळा मिलिमीटरपर्यंत मोजते. पावणेचार लाख किलोमीटर, आणि चूक तांदळाच्या दाण्याएवढी.

आपल्या चांद्रयान-३ च्या विक्रम लँडरवर पण नासाने दिलेला छोटा आरसा आहे, डिसेंबर २०२३ मध्ये चंद्राभोवती फिरणाऱ्या नासाच्या यानाने त्यावर लेझर मारून परत आलेला प्रकाश पकडला.

१४. चंद्र आपल्यापासून लांब चाललाय असं वाचलं, खरं का? कायमचा जाणार?

खरं आहे. वर्षाला ३.८ सेंटीमीटर, नखं वाढतात साधारण त्याच वेगाने. अपोलोने आरसे ठेवल्यापासून आजपर्यंत दोन मीटरहून थोडा जास्त सरकलाय.

कारण भरती-ओहोटी. चंद्र समुद्राला फुगवटा आणतो, पण पृथ्वी चंद्रापेक्षा जोरात फिरते म्हणून तो फुगवटा थोडा पुढे ओढला जातो आणि चंद्राला पुढे खेचत राहतो. चंद्राला ऊर्जा मिळते, तो वरच्या कक्षेत सरकतो. ही ऊर्जा पृथ्वीच्या फिरण्यातून जाते, त्यामुळे आपला दिवस शंभर वर्षांत दोनेक मिलिसेकंदांनी लांबतो. घाबरायचं काही नाही, आपल्या, नातवंडांच्या, कुणाच्याच काळात फरक दिसणार नाही.

१५. मग उलटा हिशोब केला तर चंद्र पृथ्वीला चिकटलेला कधी होता?

हा प्रश्न एका बारावीच्या मुलाने विचारला होता आणि मला फार आवडला, कारण यात खरोखर अडचण आहे. भरतीचा आजचा जोर कायम धरून, आणि चंद्र जवळ असताना तिची ओढ खूप वाढते हे हिशोबात घेऊन मागे मागे गेलं तर चंद्र दीडेक अब्ज वर्षांपूर्वी पृथ्वीला टेकतो. पण चंद्राचं वय साडेचार अब्ज वर्षं आहे. म्हणजे भरतीचा आजचा जोर कायमचा नाही. समुद्रांचा आकार, खंड कुठे आहेत, यावर भरती किती जोर लावते हे ठरतं, आणि खंड सरकत आलेत. सध्याची मांडणी अशी आहे की भरती जास्त प्रभावी ठरतेय, आधी बराच काळ हा जोर कमी होता. म्हणून कुणी ३.८ ने गुणून कोट्यवधी वर्षांपूर्वीचं अंतर सांगितलं तर मानू नका.

१६. अमेरिकेचे लोक चार दिवसांत पोचले, आपल्या चांद्रयानाला चाळीस दिवस का? अंतर तर तेच आहे.

अंतर तेच, रॉकेट वेगळं. अपोलोचं सॅटर्न-५ भरल्यावर २,९०० टनांच्या आसपास होतं, आपलं एलव्हीएम-३ सुमारे ६४० टनांचं. त्यामुळे इस्रोने झोका घेतो तसं केलं: १४ जुलै २०२३ ला निघाल्यावर यान आधी पृथ्वीभोवतीच फिरवलं, प्रत्येक फेरीत उपभूजवळ इंजिन चालवून कक्षा उंच उंच करत नेली, १ ऑगस्टला चंद्राकडे ढकललं आणि ५ ऑगस्टला ते चंद्राच्या कक्षेत पोचलं. म्हणजे पृथ्वी सोडून चंद्र गाठायला पाचच दिवस लागले, बाकी दिवस झोका घेण्यात आणि तिथे खाली खाली येण्यात गेले. २३ ऑगस्टला संध्याकाळी सहा वाजून चार मिनिटांनी उतरलं तेव्हा राजवाड्यावर लोक तिरंगे घेऊन जमले होते, मला अजून आठवलं की गळा दाटतो.

उतरताना बंगळुरूहून कुणी जॉयस्टिक हलवत नव्हतं हो. सिग्नलला जायला सव्वा सेकंद, यायला सव्वा सेकंद, अडीच सेकंदांत यान कुठल्या कुठे गेलेलं असतं. शेवटचे सगळे निर्णय विक्रमने स्वतः घेतले.

१७. २००९ ला इंदूरला दिवसा रात्र झाली होती, त्याचा अंतराशी काय संबंध?

सगळा संबंध अंतराशीच आहे. सूर्य चंद्रापेक्षा सुमारे ४०० पट मोठा आणि तेवढाच सुमारे ४०० पट लांब, म्हणून दोघं आकाशात जवळजवळ सारखे दिसतात. चंद्र जवळ असला तर सूर्याला पुरता झाकतो, खग्रास होतं. लांब असला तर कमी पडतो, कडेने बांगडी उरते, कंकणाकृती होतं, जसं २६ डिसेंबर २०१९ ला दक्षिण भारतात झालं.

२२ जुलै २००९ ला चंद्र काही तासांपूर्वीच उपभूला येऊन गेला होता. म्हणून ते ग्रहण इतकं मोठं झालं, प्रशांत महासागरात खग्रास स्थिती ६ मिनिटं ३९ सेकंद टिकली. इंदूर पट्ट्याच्या जवळजवळ मधोमध होतं, सकाळी सव्वासहा-साडेसहाच्या मधे तीन मिनिटं मिळाली. भर पावसाळा, ढग होते, सूर्य काही दिसला नाही, पण काळोख पश्चिमेकडून चालत आला आणि झाडावरचे पक्षी एकदम गप्प झाले ते मी गच्चीतून ऐकलंय.

१८. पृथ्वी आणि चंद्राच्या मधे बाकीचे सातही ग्रह मावतात असा मेसेज आलाय, फॉरवर्ड करू का?

अर्धवट खरा आहे, म्हणून थांबा. सातही ग्रहांचे सरासरी व्यास मिळवले तर सुमारे ३,८०,००० किमी होतात. केंद्र ते केंद्र ३,८४,४०० आहे, म्हणून मेसेजवाला म्हणतो मावतात. पण ग्रह जमिनीपासून जमिनीपर्यंतच्या जागेत ठेवावे लागतील, ती सरासरी ३,७६,३०० च आहे (प्रश्न २), म्हणजे सरासरी अंतरावर मावत नाहीत. चंद्र अपभूला असला की जागा ३,९७,००० च्या वर जाते, तेव्हा आरामात मावतात. "चंद्र लांब असताना" एवढे तीन शब्द जोडा आणि मग पाठवा.

१९. इंदूरला समुद्र नाही, म्हणजे आपल्यावर चंद्राच्या जवळ येण्याचा परिणाम नाही, बरोबर?

पाणी चढत नाही, पण जमीन चढते. चंद्र-सूर्याच्या ओढीने पायाखालचा घट्ट खडकसुद्धा दिवसातून दोनदा तीसेक सेंटीमीटरपर्यंत वर-खाली होतो, आख्खं माळवा एकत्र उचललं जातं म्हणून कळत नाही.

ही ओढ अंतराच्या घनाने बदलते, त्यामुळे उपभूला ती अपभूपेक्षा जवळजवळ ४० टक्के जास्त असते. तुमचे वडोदऱ्याचे नातेवाईक असतील तर त्यांना खंभातच्या आखाताबद्दल विचारा, तिथे भावनगरकडे भरती-ओहोटीतला फरक दहा मीटरच्या वर जातो, आणि अमावास्या-पौर्णिमेला उपभू जुळला की आणखी.

२०. आज रात्री अंतर किती आहे हे कसं बघू? दोन अ‍ॅप वेगवेगळे आकडे देतायत.

दोन्ही बरोबर असू शकतात. एक अ‍ॅप पृथ्वीच्या केंद्रापासून मोजतं, दुसरं तुम्ही उभे आहात तिथून, म्हणून पाच-सहा हजारांपर्यंत फरक येतो (प्रश्न २ आणि ८). सेटिंगमध्ये बघा, लोकेशन इंदूर टाकल्यावर आकडा बदलला तर ते तुमच्या गच्चीपासूनचं अंतर आहे. आकाशाचा नकाशा दाखवणाऱ्या बऱ्याच फुकट अ‍ॅपमध्ये चंद्रावर बोट ठेवलं की अंतर येतं.

आमच्या बिल्डिंगच्या मुलांनी जिन्याच्या भिंतीवर कागद लावलाय, रोज रात्री नऊचा आकडा लिहितात आणि शेजारी त्या दिवशीची तिथी किती तासांची होती ते. तुम्ही पण महिनाभर लिहा, दोन रांगा एकदमच खाली जातात आणि एकदमच वर येतात.